शेवटच्या रांगेतला बेस

झाडीपट्टीच्या नाटकात बेस गिटारला फारसं कोणी विचारत नाही. ऑर्गन हवा, तबला हवा, ऑक्टोपॅड हवा. खालचे सूर ऑर्गनवाल्याचा डावा हात सांभाळून घेतो. मी नागपूरच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. लग्नसराई सरली की हाताला काम नसायचं. एका ऑर्गनवाल्या मित्राच्या शब्दावर वडशाच्या एका नाट्यकंपनीत हंगामापुरता लागलो, तेव्हा मालकांनी माझ्या वाद्याकडे बघून एकच विचारलं, "हे लावाचं कशात?"

प्रश्न रास्त होता. नुसती तार छेडली तर बेस गिटार हातभर अंतरावर ऐकू येते, त्यापलीकडे नाही. तिचा आवाज म्हणजे तिच्यामागचं मशीन. नागपुरात ते मशीन साउंडवाला आणायचा, मी फक्त वायर खुपसायचो. इथे वायर खुपसायला जागा होती ती कंपनीच्या जुन्या माइकच्या मशीनमध्ये. त्यातून माझा बेस निघाला तो बोथट, वरून कापलेला, खालून पोकळ. मालक म्हणाले, "मिस्त्रीकडे जा." कोणता मिस्त्री, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

वडसा म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेने उतरायचं तर इथेच, गोंदिया-बल्लारशा मार्गावर. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा एकच मुलूख होता आणि नाटकाला ती हद्द अजूनही ठाऊक नाही. धान घरात आलं, हातात पैसा आला की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा वाट मोकळी केली. मधल्या वर्षांत पट थांबले, नाटक थांबलं नाही. वडशाच्या रस्त्यावर ओळीने कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ येतं, फोटोंचे फलक बघतं, तारीख धरतं, इसार देतं. नाटक सुरू होतं रात्री दहा-अकराला आणि पडदा पडतो तेव्हा उजाडायला आलेलं असतं. जंगलातल्या वाटेने अंधारात घरी परतण्यापेक्षा उजेडात परतलेलं बरं, असं जुनी माणसं त्याचं कारण सांगतात. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघांचा वावर पाहता ते कारण आजही जुनं झालेलं नाही.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा इथल्या नटांकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. त्या नटांचा शब्द हजारो माणसांपर्यंत नेणाऱ्यांची नावं जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत असतात. असली तर.

मिस्त्रींचा कारखाना म्हणजे बाजारामागच्या गल्लीतली पत्र्याची खोली. पाटी नाही. आत शिरलं की आधी व्हार्निशचा आणि राळेचा वास येतो. भिंतीला टेकून उघडी मशीनं, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचे गठ्ठे, तांब्याच्या तारेची रिळं, कोन फाटलेले स्पीकर आणि एका खिळ्याला 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'ची पिवळी पडलेली पानं टांगलेली. १९६९ पासून दिल्लीहून निघणारं हे इंग्रजी मासिक. मिस्त्रींचं इंग्रजी बेताचं, पण सर्किटची आकृती वाचायला ते पुरतं. त्यांनी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केलेला. आधी रेडिओ गेले, मग पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, बरोबरीचे लोक मोबाइलकडे वळले. हे आवाजापाशीच थांबले. कारण विचारलं तर म्हणाले, "रेडिओ गेला तो गेला. नाटक दरसाल येते."

"काका, बेस गिटारसाठी मशीन पाहिजे," मी म्हटलं.

"पयले वाजव."

"कशावर?"

"कशावर नाई. असाच वाजव गा."

मी वाजवायला लागलो तसे ते उठले, गिटारच्या लाकडाच्या वरच्या शिंगाला कान लावून उभे राहिले आणि चारही तारा एकेक करून ऐकल्या. मग मीटर काढून पिकअप मोजला. काटा आठ हजार ओहमच्या आसपास थांबला. "तुझा बाजा चांगला आहे," ते म्हणाले, "लावते कुठं, तिथं खराबी आहे."

ती खराबी समजून घ्यायला पिकअप कसा असतो ते थोडं सांगायला हवं. चुंबकावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढाच तो मामला. तार हलली की त्यात अगदी क्षीण वीज उमटते. माइकच्या मशीनचं तोंड ही वीज फार जोरात ओढतं, कारण ते माइकसाठी केलेलं असतं. लहान विहिरीवर मोठी मोटर बसवली की पाणी तळाला जातं, तसा पिकअप बसतो आणि वरच्या सुरांची धार आधी मरते. त्यावर इलाज म्हणजे मध्ये असं काही बसवायचं, जे पिकअपकडून जवळजवळ काहीच मागत नाही. दहा लाख ओहमचं तोंड असलेलं. मिस्त्रींनी डब्यातून चार पायांचा छोटा धातूचा फेट ट्रान्झिस्टर काढला, बीएफडब्ल्यू१०. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ज्यांनी फेटचा आलेख काढला असेल त्यांच्या ओळखीचा. बंद पडलेल्या कुठल्याशा कॉलेजच्या भंगारातून त्यांनी हे मूठभर उचलले होते.

एवढ्यात एका गावच्या मंडळाची पोरं चादरीत गुंडाळलेलं मशीन घेऊन आली. मिस्त्रींनी ते उघडलं नाही. आधी विचारलं, "लायनीवर होतं का जनरेटरवर?" जनरेटरवर होतं. "मेलं तेव्हा का चालू होतं?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक म्हणाला, "पडदा पडला होता. लायटी बंद केल्या नं."

मिस्त्रींनी मान हलवली. भिंतीवरच्या सिरीज बोर्डात शंभर वॅटचा पिवळा बल्ब होता. मशीनची पिन त्यात खोचली. ज्या कामगाराला हे माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. बल्ब मशीनच्या आधी रांगेत असतो. मशीन निरोगी असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर लखलखीत पेटून राहतो, आणि शॉर्टची सगळी वीज बल्ब पिऊन टाकतो, मशीन आणखी जळत नाही. बल्ब लखलखीत पेटला. पोरांचे चेहरे उतरले.

आत फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती. हीटसिंकवर जुने २एन३०५५, चपटी टोपी घातलेले धातूचे ट्रान्झिस्टर. या ट्रान्झिस्टरची बाहेरची टोपीच मुळात वीजवाहक असते, म्हणून ती आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पारदर्शक पापुद्रा आणि पांढरी पेस्ट लागते. आधी कोणीतरी दुरुस्ती करताना एकाखालचा अभ्रक टाकायचा विसरला होता. मिस्त्रींनी स्क्रू काढून त्या ट्रान्झिस्टरच्या बुडाखाली नख फिरवलं, कोरडं. बोलले काही नाहीत. नख पोरांना दाखवलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे तारीख लिहिली.

जनरेटरचं ते काय प्रकरण, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. नाटकाच्या मंडपात एका छोट्या जनरेटरवर झगझगीत लायटी आणि मशीनं एकत्र चालतात. प्रवेश संपून अंधार केला की भार एकदम उतरतो आणि व्होल्टेज उसळतं. म्हणजे मशीन मरतं ते नट ओरडत असताना नाही, पडदा पडलेला असताना. गावच्या लायनीवर याच्या उलट. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे; त्या विजेवर निम्मा महाराष्ट्र फुकट उजळतो असा इथल्या माणसांचा कायमचा टोमणा असतो, आणि मंडपातल्या मीटरवर १७० दिसले की तो टोमणा वाटत नाही. मिस्त्री ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळतात. बाजारातल्या मशीनला एकच २३० व्होल्टची गुंडाळी असते. यांच्यात १७०, २०० आणि २३० असे तीन फाटे आणि पुढे एक जाडजूड स्विच. आतले कॅपेसिटर लागतात त्यापेक्षा जास्त व्होल्टेजचे. मशीन त्यामुळे जड होतं, महागही होतं. कंपनीवाले कुरकुरतात आणि घेतात.

माझ्या बेसच्या मशीनवर आमची खरी चर्चा झाली ती वॅटवरून. मला तीनशे वॅट हवे होते. मोठ्या बेसवाल्यांकडे तसंच असतं, असं मी ऐकून होतो. अँपेगचं १९६९ सालचं एसव्हीटी हे तीनशे वॅटचं धूड स्टेडियममध्ये रोलिंग स्टोन्सबरोबर फिरलं होतं. मिस्त्री म्हणाले, शंभर खरे देतो. 'खरे' यावर त्यांचा जोर होता, कारण बाजारात डब्यावर पाच हजार वॅट छापलेलं असतं आणि आत चाळीससुद्धा नसतात. हिशेब त्यांनी खडूने फरशीवर मांडला. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबल चढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. आणि मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. म्हणजे वॅटच्या मागे धावून शेवटची रांग कधीच हाती लागत नाही.

बेसचं दुखणं आणखी वेगळं आहे. सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झ. त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. बंद सभागृहात भिंती ती लाट परत फेकतात. कनातीच्या मंडपात भिंत नसते, लाट धानाच्या बांधीत निघून जाते. वर माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये ते मोजून ठेवलं आहे. यावर मिस्त्रींनी जे केलं ते मला कुठल्या मोठ्या दुकानातही कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मशीनला ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. "ते कोनाले ऐकू येत नाई, नुसता स्पीकर हलते." मग ८० ते १०० हर्ट्झचा पट्टा थोडा उचलला. मूळ सूर क्षीण असला तरी त्याच्या दुपटीचे, तिपटीचे सूर नीट पोचले तर कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. ध्वनिशास्त्रात हे जुनं आहे. मिस्त्रींना ते पुस्तकातून कळलं की भोंग्यातून बायकांना खर्जाचं गाणं ऐकताना बघून, हे मी विचारलं नाही. आणि २५० हर्ट्झच्या आसपास त्यांनी बेस चांगलाच दाबला. तिथे मी भांडलो. तिथेच तर बेसचा भरीवपणा असतो.

"तिथं मानूस बोलते," मिस्त्री म्हणाले.

डबा पाऊण इंची प्लायवूडचा. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान उभ्या भारतात नावाजलेलं, म्हणून मी सागाचं बोलून पाहिलं. त्यांनी हसून फक्त कोपऱ्यांना सागाच्या पट्ट्या मारल्या, स्क्रू धरून राहावेत म्हणून. स्वस्तातला भुशाचा बोर्ड ते घेत नाहीत. पहाटेच्या दवात तो फुगतो. दव हा इथला मोठा शत्रू. कागदी कोन ओला होऊन जड होतो, खटके गंजतात. आणि दुसरा शत्रू ट्रॅक्टर. खाचखळग्यांतून डबा आदळत गेला की धूळ चुंबकाच्या फटीत शिरते आणि कॉइल घासायला लागते. पंधरा इंची स्पीकरवर त्यांनी मच्छरदाणीचं कापड दुहेरी ताणलं, वर लोखंडी जाळी. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या दुपारी, त्या पत्र्याखाली त्यांनी मशीन सलग चालवून पाहिलं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे म्हणजे काय ते महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. माझ्या अंगाला सदरा चिकटला होता आणि मिस्त्री हीटसिंकवर तळहात ठेवून शांत बसले होते. हात ठेवता येतो तोवर ठीक, हे त्यांचं थर्मामीटर.

इफेक्टचा डबा ही माझी हौस. खलनायकाच्या प्रवेशाला, यमाच्या प्रवेशाला बेस फाटका आणि एक सप्तक खाली हवा होता. परदेशी पेडल दहा-पंधरा हजारांच्या घरात. मिस्त्रींनी घरात भिंतीत बसवतात तो लोखंडी स्विच बॉक्स घेतला. लोखंड असल्यामुळे आजूबाजूच्या वायरींची घूं आत शिरत नाही. आत झिरो पीसीबीवर सगळी मांडणी. सूर फाडायचं काम दोन उलटसुलट डायोडचं, १एन४१४८, रुपया-दोन रुपयांचे. लाट ठरावीक उंचीवर गेली की डायोड तिचं डोकं कापतात. पण असं कापलं की बेसचा खालचा भाग हरवतो, म्हणून मूळ सूर वेगळ्या वाटेने तसाच ठेवून शेवटी दोन्ही मिसळायचे. किती मिसळायचे त्याला एक बटण. हे मिश्रण न ठेवता केलेले किती तरी महागडे डबे मी वाजवले आहेत आणि त्यांत बेस गिटारची साधी गिटार होते.

सप्तक खाली नेण्याची युक्ती पाहण्यासारखी होती. ४०१३ नावाच्या एका आयसीत दोन फ्लिप-फ्लॉप असतात. फ्लिप-फ्लॉपला दोन ठोके दिले की तो एक ठोका बाहेर टाकतो. म्हणजे ११० हर्ट्झचा सूर दिला की ५५ चा निघतो. हे अर्ध्या आयसीचं काम. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं? पायाने दाबून चालू-बंद करायचा मजबूत स्विच वडशात मिळत नव्हता, नागपूरहून मागवायचा तर आठवडा. मिस्त्रींनी दारावरच्या बेलचं बटण लावलं. बेलचं बटण सोडलं की बंद होतं, पण उरलेला फ्लिप-फ्लॉप ते दाबणं लक्षात ठेवतो: एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. एका बारा-पंधरा रुपयांच्या आयसीच्या दोन्ही बाजू वापरल्या गेल्या. मी खूश होऊन जाड तारेवर वाजवायला गेलो तर नुसती फडफड. मिस्त्री म्हणाले, "एक्केचाळीसचे अर्धे किती? वीस. कोनाच्या बापाले ऐकू येते का वीस? वरच्या तारेवर वाजव." वरच्या तारेवर यम आला. पुढच्या ओळीतलं एक पोर आईच्या मांडीत घुसलं, ते मी नाटकात पाहिलं.

असं मिळेल त्या सामानातून केलेलं मशीन म्हणजे दुय्यम, ही समजूत मला कधी पटलेली नाही. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच्यासाठी बासमन हे मशीन. १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या ड्रमच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी त्याच बासमनची नक्कल करायला घेतली, कारण अमेरिकी मशीन आणणं महाग पडत होतं. सामान जे लंडनमध्ये मिळेल ते: ट्रान्सफॉर्मर वेगळे, पुढे व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर सेलेस्टियनचे. नक्कल तंतोतंत झाली नाही. त्या न जमलेल्या नकलेच्या आवाजावर पुढची रॉक गिटार उभी राहिली. आणि गंमत अशी की मूळ मशीन गिटारसाठी नव्हतंच, बेससाठी होतं. मिस्त्रींना मी ही गोष्ट सांगितली. त्यांना मार्शलशी देणंघेणं नव्हतं. एवढंच विचारलं, "दुकान ड्रमचं होतं? मग ऐकनारे दुकानातच येत असतीन."

हे त्यांना सुचलं, कारण ते स्वतः तसंच काम करतात. मशीन दिलं की त्यांचं काम संपत नाही. हंगामात जवळपासच्या गावात नाटक असेल तर स्कूटरवर येतात, डोक्यावरून शाल घेतात आणि पार मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे बसतात. रंगमंचाकडे बघत नाहीत. ऐकतात. झाडीपट्टीत तालमी थोड्या, त्यामुळे प्रॉम्प्टरवर भार मोठा. माइक जरा जास्त उघडला की नायकाच्या आधी प्रॉम्प्टरचं वाक्य मागे ऐकू येतं आणि लोक हसतात. ते मिस्त्रींना आधी कळतं. पहिल्याच रात्री एक पोरगं गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आलं आणि म्हणालं, "मिस्त्रीनं सांगितलं, बेस कमी करा." मी कमी केला. थोड्या वेळाने पुन्हा तेच पोरगं. बापलेकीचा प्रवेश चालला होता, हुंडा, कर्ज, मागे मी हलके एक-दोन सूर धरले होते. माझ्या कानाला ते अगदी योग्य होते. तिसऱ्यांदा पोरगं आलं तेव्हा मी वाजवणंच थांबवलं.

सकाळी चहाच्या टपरीवर मी विषय काढला. मिस्त्री म्हणाले, खालचा आवाज वरच्या आवाजाला झाकतो, वरचा खालच्याला झाकत नाही. 'बाबा' ऐकू येतं, पुढचा शब्द गिळला जातो. "मागच्या बाईले शब्द ऐकू आला तर ते रडते. ते रडली म्हणजे मशीन बरोबर." मग त्यांनी एक पोतं दिलं, तणसाने भरलेलं. बेसचा डबा फळ्यांवर ठेवला की फळ्या वाजतात आणि त्या फळ्यांवरच माइकचे स्टँड असतात. डबा तणसावर ठेवला तर थरथर तिथेच मुरते. हंगामभर माझा डबा पोत्यावर बसला. लावणीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. लावणीला बेस लागतो, तिथे कोणी रडायला आलेलं नसतं. त्या वेळी पोरगं आलंही नाही, म्हणजे त्यांनाही ते मान्य असावं.

डीजेची कामंही ते घेतात. घेतात आणि बोलत नाहीत. ती मशीनं हलकी, ताकदीची, आत मोहरीएवढे भाग यंत्राने चिकटवलेले. बिघडलं की बोर्ड काढा, नवा लावा. नवा बोर्ड दिल्लीहून किंवा चीनहून, आणि दोन वर्षांनी तो मिळतच नाही. जुनं मशीन वीस वर्षं दुरुस्त होत राहतं, हे नवं एकदाच मरतं. मिस्त्रींचा खरा राग मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. एका बाजूला बेसच्या डब्यांची भिंत उभी करून पुढच्याच्या छातीत धडकी भरवायची आणि मागच्याला शब्द कळू द्यायचा नाही, हे त्यांना अडाणीपणाचं वाटतं. ते स्वतः कंपन्यांना लहान स्पीकर मंडपभर विखरून लावायला सांगतात, म्हणजे कोणताच मोठ्याने लागत नाही आणि आवाज मंडपातच राहतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी घातली, वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हा नियम गैरसोयीचा आहे, हे उघड. पण शेजारच्या गावातल्या आजाऱ्याला झोप लागावी, हीसुद्धा उघडच गोष्ट. त्यावर माझ्या पाहण्यात आलेला एकमेव कामाचा तोडगा म्हणजे मिस्त्रींचे ते लहान स्पीकर.

२०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम कोरोनात जवळजवळ बुडाला. मशीनं गोदामात पडून राहिली, कॅपेसिटर सुकले, उंदरांनी वायरी कुरतडल्या. पुढच्या वर्षी सगळ्या कंपन्या एकाच पंधरवड्यात या खोलीच्या दारात उभ्या होत्या. मदतीला पोरं ठेवायची तर शिकलेली मिळत नाहीत. हातात मीटर धरून आकृती वाचणारा मुलगा आज पुण्याला कारखान्यात जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण झाडीपट्टीचा एवढा मोठा हंगाम ज्या मशीनांवर चालतो, त्यांचं काम शिकवणारा एक साधा सहा महिन्यांचा वर्ग वडसा-ब्रह्मपुरी परिसरातल्या कुठल्याही आयटीआयला सुरू करता येईल. गिऱ्हाईक दाराशीच आहे.

तोवर नाट्यकंपन्यांना आणि गावोगावच्या मंडळांना एवढंच सांगणं: मशीन दुरुस्तीला टाकायचं तर आषाढात टाका, मिस्त्री मोकळे असतात, चहाही पाजतात. सोबत सांगा की लायनीवर होतं की जनरेटरवर. फ्यूजच्या जागी तार घातलेली असेल तर आधीच काढून ठेवा, बोलणी वाचतील. दसऱ्यानंतर आलेलं मशीन ते होळीपर्यंत उघडत नाहीत.